काटे टाकायच्या आधी

—नाही हो, नीट कसं असेल? नीट असतं तर पाणी असं गार का पडलं असतं? सत्तावीसला ठेवायचं असतं ते, आणि हा आकडा बघा, बावीस—तुमच्या डोळ्यांसमोर आहे—आणि तुम्ही म्हणता कॉम्प्रेसर ठणठणीत, गॅस भरलेला, सेन्सर बरोबर. मग काय पाण्यालाच थंडी वाजली का? पुन्हा एकदा बघा ना. राग मानू नका, तुमच्या कामात खोट काढत नाहीये मी, पण सरांना काय सांगू? सर रोज सकाळी घरी चहा पिता पिता मोबाइलवर हे तापमान बघतात. त्यांनीच सांगितलं, चिलर बिघडलाय, माणूस बोलवा. म्हणून बोलावलं. मी आपणहून कशाला बोलावते. आणि ती पिशवी टेबलावर नका ठेवू, दादा, खाली ठेवा—हळू—टेबल हललं की बरणी हलते. आणि ते ताई-ताई जरा कमी करा. नाही, तसं काही नाही. सगळेच म्हणतात मला ताई इथे, सरसुद्धा, वयानं मोठे असून. सवयीचंच आहे. फक्त सध्या कुणी म्हटलं ना, की मी मागे वळून बघते—असो. म्हणा तुम्ही. दुसरं काय म्हणणार!

कसली बरणी म्हणजे? तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का, कुठल्या खोलीत आलाय ते? मला वाटलं, सांगून पाठवलं असेल. म्हणूनच तुम्ही मघापासून त्या रिकाम्या पाण्याकडे असे संशयानं बघताय. अहो, रिकामं नाहीये ते. या टाकीत आधी बरण्याच बरण्या होत्या, दाटीवाटीनं. आता एकच उरलीय, ती कोपऱ्यातली, झाकणावर निळी चिकटपट्टी लावलेली. तिच्यात एक जण आहे. असा नाही दिसणार. दिसतो म्हणा, मला दिसतो, पण तुम्हाला वाटेल काचेवर कचरा बसलाय. वाळूचा एक कण, तेवढाच जीव. फोरॅम म्हणतो आम्ही. पूर्ण नाव लांबलचक आहे, ते सरांना विचारा, त्यांना फार हौस. समुद्रात वर-वर तरंगत राहतो हा, खोल पाण्याच्या वरच्या थरात. एका पेशीचा प्राणी—ना डोकं, ना पोट, ना डोळे—आणि तरी स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो. एक खोली, मग तिच्यापेक्षा मोठी दुसरी, मग तिसरी, गोल गोल वळत. आणि त्या घराला चहूबाजूंनी काटे, केसांहून बारीक. बघायचंय? या, इकडे या, या सूक्ष्मदर्शकातून, बरणी न उचलताच बघता येतं. हाताला तेल लागलंय का? पुसा आधी. हं. दिसलं? ते काट्यांवरचे सोनेरी ठिपके—ते शेवाळ. भाडेकरू म्हणा. सकाळी दिवा लागला की काट्यांवरनं बाहेर येऊन ऊन खात बसतात, संध्याकाळी दिवा मावळला की पुन्हा घरात. कुणी शिकवलं नाही. पहिल्यांदा मी बघितलं ना, तेव्हा जेवायला जायचं विसरले होते.

हो, बघा, तुम्हीही पुन्हा वाकलात बघायला. होतंच तसं.

आता तापमानाचं सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल मी का अशी मागे लागलेय. हा घर बांधतो ते समुद्रातल्याच चुन्याचं. पण त्या चुन्यात थोडी भेसळ होते—मॅग्नेशियमची. मुद्दाम नाही करत, होते. पाणी कोमट असलं की भेसळ जास्त, गार असलं की कमी. हे मेल्यावर त्यांची घरं समुद्राच्या तळाशी जाऊन बसतात, चिखलात, थरावर थर. मग सरांसारखी माणसं तो चिखल उपसतात, त्यातून घरं वेचतात, भेसळ मोजतात आणि सांगतात, माणूस जन्मायच्या आधी समुद्र किती गरम होता. ऐकायला झकास वाटतं, नाही? पण गोम अशी, की भेसळ फक्त उन्हानं होत नाही. पाणी जास्त खारट झालं तरी थोडी वाढते. हवेतला धूर पाण्यात विरघळून पाणी आंबटसर झालं, तरी फरक पडतो. मग त्या जुन्या घराला विचारायचं कसं, बाबा रे, तुझ्याकडे ऊन जास्त होतं की मीठ? त्यासाठी आम्ही इथे पाळतो यांना. तापमान एकच, अगदी एकच, आणि मीठ मात्र काही बरण्यांत कमी, काहींत जास्त. म्हणजे फरक दिसला तर तो मिठाचाच. निळ्या पट्टीची बरणी सगळ्यात खारट. तेवढ्या मिठाच्या बरण्यांतले बाकीचे टिकलेच नाहीत, हा एकटाच तगला. याच्या घरावाचून सरांचा हिशेब अर्धा राहतो, म्हणून सर रोज विचारतात, झाला का, झाला का. तर अशा ठिकाणी तापमान हललं की सगळंच मुसळ केरात. कळलं आता?

नाही, बाजारात कुठे मिळणार! आणि इथे पैदासही होत नाही यांची, जगात कुणाला धड जमलेलं नाही. प्रत्येक जण समुद्रातूनच आणावा लागतो. जाळं टाकून नाही हं, जाळ्यात काटे मोडतात. माणूस खाली उतरतो, बोटीला बांधलेल्या दोरीला धरून निळ्या पाण्यात लोंबकळत राहतो, खाली तळ नाही, आजूबाजूला काही नाही—आणि डोळे बारीक करून बघत राहतो. एखादा ठिपका चमकला की हळूच बरणी पुढे करायची, झाकण लावायचं. एका बरणीत एकच. हात जरा जोरात हलला की गेला. वाटतं तितकं सोपं नाही ते, भल्याभल्यांनी हात टेकलेत. आमच्याकडे एकच जण होता असा. होता म्हणजे—आता नाही. हो, सोडली. सोडली नोकरी.

दुसरा माणूस? बघताहेत. सर म्हणतात, मिळेल. मिळेल की. पाणबुडे काय, खूप असतात.

काय म्हणालात? कुठे? दाखवा. हां, ते ओरखडे. ते असतील जुने. नवीन? तुम्हाला कसं कळतं नवीन आहेत ते? —बरं, खाली रंगाची पूड पडलीय, दिसली मला. मग झाडणाऱ्या बाईंनी काही आपटलं असेल, त्या फार घाईत असतात. नाही, या खोलीत त्यांना येऊ देत नाही मी, ते खरंय. स्क्रूवर सुरीचे ओरखडे आहेत? सुरीचेच कशावरून? दादा, तुम्ही चिलर दुरुस्त करायला आलात की चौकशी करायला? ते झाकण उघडलं की आत तो खटका असतो, तो फिरवला की आकडा खाली येतो, हे मला काय माहीत! मी साधी बरण्या सांभाळणारी बाई—

तुम्ही असे बघू नका हो माझ्याकडे.

बसा. स्टूल घ्या. बसा म्हणते ना. चहा नाही देता येत इथे, या खोलीत खाणंपिणं चालत नाही. मी फिरवला. झालं? जेवणाच्या डब्यातली सुरी होती, फळ कापायची, तिनं उघडलं झाकण. स्क्रू-ड्रायव्हर आणायला गेले असते तर कुणीतरी विचारलं असतं, कशाला. आधी एकच अंश उतरवला. मग वाटलं, आणखी थोडा. बाकीच्या बरण्या संपल्यावरच हं! त्यांना मी काही होऊ दिलं नाही, ते सगळे सत्तावीसलाच राहिले, वेळेवर खाऊन-पिऊन, त्यांची घरं धुऊन, वाळवून त्या काळ्या पट्टीवर लावून ठेवलीत मी, प्रत्येकाला स्वतंत्र कप्पा. तेवढी बेइमान नाहीये मी. हा एकटा राहिला, तेव्हाच फक्त.

कशासाठी? गारठ्यात हा सावकाश वाढतो, म्हणून. दुसरं काय असणार! आणि—आता अर्धं कळलंयच तर सगळंच ऐका—याला मी पोटभर खायलाही घालत नाही. ते तिकडचं भांडं आहे ना, बुडबुडे येताहेत ते, त्यात मिठाच्या पाण्यातल्या बारीक कोळंबीची पिल्लं आहेत, नुकती जन्मलेली. त्यातलं एक नळीनं उचलून काट्यांवर अलगद ठेवायचं, मग हा आपला चिकट धागा टाकून धरतो आणि दिवसभर खात बसतो. एक दिवसाआड द्यायचं असतं. मी देत नाही. भूक फारच दिसायला लागली, शेवाळाचा रंग फिका पडला, तरच देते, तेही अर्धं. सुईनं दोन तुकडे करते पिल्लाचे. अहो, मला काय गंमत वाटते का! लहान मुलासमोरनं ताट ओढून घ्यावं तसं वाटतं. पण पोटभर खाल्लं की हा मोठा होतो, आणि मोठा झाला की—

मरतो म्हणता येणार नाही तसं. म्हणजे आपल्यासारखं नाही. याचं वाढणं पुरं झालं ना, की आधी शेवाळाचा सोनेरी रंग जातो, मग हा काटे टाकतो. सगळे. एकेक करून गळून जातात. काट्यांवर उभा असतो ना हा, काचेला टेकत नाही. काटे गेले की टेकतो. मग आत जे काही आहे, सगळंच्या सगळं, त्याची असंख्य बारीक पिल्लं होतात, पिल्लं म्हणजे धूळच, आणि ती धूर निघावा तशी बाहेर पडतात. स्वतःसाठी काही मागे ठेवत नाही. दुसऱ्या दिवशी बघावं तर घर रिकामं, लख्ख, आत कुणी नाही. समुद्रात ती धूळ कुठे कुठे जाऊन जगते. इथे बरणीत ती जगत नाही. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही, ना औषधानं, ना कशानं. पण सुरू होणं लांबवता येतं. उपाशी ठेवून आणि गारठ्यात ठेवून. मला दुसरं काही येत नव्हतं, जे येत होतं ते केलं.

नाही, प्रयोगासाठी नाही. प्रयोगाची तर मी वाट लावलीय.

तो जो पाणबुड्या सांगितला ना मघाशी, तो माझा भाऊ. धाकटा. आम्ही बेडक्या म्हणायचो त्याला. लहानपणी एकदा पाण्यात उतरला की बाहेर यायचा नाही, ओठ निळे पडायचे, बोटं सुरकुतायची, आणि मी काठावर टॉवेल घेऊन उभी, हाका मारून मारून घसा बसायचा. आई लवकर गेली आमची, तेव्हापासून त्याच्या मागे टॉवेल घेऊन धावायचं काम माझ्याकडेच. इथली नोकरीही मीच सुचवली त्याला, म्हटलं नाहीतरी दिवसभर पाण्यातच असतोस, निदान कुणाच्या उपयोगी पड. दोघांची जोडी छान जमली. तो खाली, मी बोटीवर. तो खालून बरणी वर करायचा, मी वाकून घ्यायची, सावलीत ठेवायची, पट्टी लावायची. प्रत्येक बरणी देताना काहीतरी बडबड करणार—हा बघ, सरांसारखा दिसतो, टकला, याचे काटेच झडलेत. हा लग्नाळू आहे, सांभाळून. हसून हसून माझ्या हातून बरणी पडायची एखाद वेळी, मग तोच ओरडणार. ही निळ्या पट्टीची, ही शेवटची त्या दिवसातली. मला म्हणाला, ताई, हा तुझ्यासारखा आहे, सगळीकडनं टोचतो, पण आत गरीब दिसतोय. मी म्हटलं, ये वर, दाखवते तुला गरीब. आणि तो आला वर.

आला हो वर! तेच तर. पाण्यात काही झालं असतं तर मी समजू शकले असते. लोक अजून विचारतात, बुडाला का. नाही बुडाला. वर आला, अंगावरचा पट्टा सोडला, अर्धं बिस्किट खाल्लं, अर्धं मला दिलं, म्हणाला हात जड झालाय जरा, पडतो. आणि बोटीच्या फळीवर आडवा झाला. मी बरण्या सावलीत लावत होते, पाठ होती माझी त्याच्याकडे, ऊन बरण्यांवर येऊ द्यायचं नसतं, नाहीतर पाणी तापतं. बोट परत निघाली. ऊन फिरलं, त्याच्या तोंडावर आलं. मला वाटलं, गाढ झोपलाय, कशाला उठवा, दमलाय. मी टॉवेल घेतला आणि त्याच्या तोंडावर टाकला. नीट टाकला, नाक मोकळं राहील असा. आणि पुन्हा येऊन बरण्यांपाशी बसले. दादा, मी किनाऱ्यापर्यंत गाणं गुणगुणत होते.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, आधीच थांबलं होतं, तुम्हाला कळण्यासारखं नव्हतं. असेल. त्यांचं बरोबर असेल. त्याला पोचवून आल्यावर सगळे घरात बसले होते, आणि मी चप्पल घालून इकडे आले. लोक म्हणाले असतील, काय बाई आहे ही, भाऊ गेला आणि ही कामाला निघाली. पण बरण्या होत्या ना. त्यानं आणलेल्या. त्यांना कोण खायला घालणार होतं! आल्यावर एकेकीत डोकावून बघितलं, सगळे जिवंत. त्याच्या हातांनी धरलेले, त्याच दिवशीच्या पाण्यातले, सगळे जिवंत. मला इतकं बरं वाटलं, की मी इथेच खाली बसून हंबरडा फोडला, तोपर्यंत रडूच आलं नव्हतं मला. मग एकेक काटे टाकायला लागला. आज याने, उद्या त्याने. कामच ते त्यांचं. दर वेळी मी रिकामं घर उचलायची, धुवायची, कप्प्यात ठेवायची. आणि शेवटी हा राहिला.

माझ्या भावजयीला आणलं होतं मी इथे. बेडक्याची बायको. त्याच्या इथल्या कपाटातले कपडे न्यायला आली होती. मी म्हटलं, थांब, एक दाखवते. तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही. मग म्हणाली, रोज रात्री येऊन सांगायचे मला, आज काय काय पकडलं ते, मला वाटायचं, बढाया मारताहेत. इतकं सुंदर असतं होय. हसली. तो गेल्यापासून पहिल्यांदा हसताना बघितलं मी तिला. आणि मग निघताना दारात थांबून विचारलं, ताई, हा नीट जेवतो ना? मी म्हटलं, हो गं. व्यवस्थित जेवतो. तोंड वर करून खोटं बोलले तिच्याशी. तिच्या नवऱ्यानं शेवटचा आणलेला जीव मी उपाशी मारत होते आणि तिला सांगत होते, व्यवस्थित जेवतो. ती रविवारी मुलीला घेऊन येणार आहे, दाखवायला. बाबांनी पकडलेला शेवटचा, असं सांगणार आहे तिला.

काय? नाही, नाही, तसं काही करू नका. तुमचं मन मोठं आहे, पण सेन्सर खराब होता असं खोटं कागदावर कशाला लिहिता माझ्यासाठी? आणि लिहून भागणारही नाही. सर चिडतील ते चिडतील, त्याचं मला काही नाही. पण तुम्ही लिहा, मी लिहीन, सगळे मिळून लिहू, तरी हा सांगणारच. मघाशी सांगितलं ना, गारव्यात भेसळ कमी होते? मी खटका फिरवल्यावर यानं एक नवी खोली बांधलीय. छोटीशी, उपाशीपोटी बांधलेली, भिंत बघा कशी पातळ आहे. सर त्यावर लेझर मारतील, बारीक भोक पाडत पाडत आत जातील, आणि तिथे लगेच दिसेल, अरे, इथे मॅग्नेशियम एकदम उतरलं. मीठ तर तेच होतं! मग कुणी काय केलं? आणि नुसती ती खोली नाही. नवी खोली बांधली की हा जुन्या सगळ्या भिंतींवरून एक हात फिरवतो, पातळ थर चढवतो. म्हणजे माझी थंडी आता याच्या सगळ्या घरावर बसलीय. आतल्या खोल्या कुठल्या आहेत ठाऊक आहे? समुद्रातल्या. इथे यायच्या आधीच्या. त्या दिवशी बेडक्या ज्या पाण्यात होता, त्या पाण्याचं ऊन आहे त्या भिंतीत, ते मीठ आहे. त्याच्या अंगाला लागलेलं पाणी. आणि त्याच्यावर मी काय लेपलं? तर माझी ही चोरटी थंडी.

हे मला आधी सुचलंच नाही. खरंच सांगते, इतकी वर्षं हेच काम करतेय, दुसऱ्याला समजावून सांगते, आणि स्वतः करताना सुचलं नाही. मला वाटलं, मी याला ठेवून घेतेय. आत्ता तुमच्याशी बोलता बोलता आलं डोक्यात. तो रोज इतका जपून एकेक आणायचा, श्वास रोखून, हात न हलवता, काटा मोडू नये म्हणून. सरांचं ते मिठाचं कोडं त्यालाही सुटायला हवं होतं, मला विचारायचा, ताई, कळलं का काही? आणि त्याचा शेवटचा जो आणलेला, तो मी असा उपाशी, काकडत, कुणाच्याच कामाचा नाही असा करून ठेवला. बेडक्यानं बघितलं असतं ना, तर बोललाच नसता माझ्याशी.

तुम्ही फिरवा तो खटका. माझ्यानं नाही व्हायचं. मी उलटा फिरवायला गेले होते काल, सरांनी आकडा कमी कसा म्हणून विचारलं तेव्हा, पण हात नुसता झाकणावर ठेवून उभी राहिले. सत्तावीसवर आणा. एकदम नको, हळूहळू चढू दे, त्याला झटका बसेल. हं. आवाज आला. बास, तेवढंच असतं होय? मी उगाच त्याचा एवढा बागुलबुवा करून ठेवला होता. डोळे पुसते जरा, थांबा, या हातमोज्यांनी पुसता येत नाहीत. आता मी याला जेवायला घालते. पूर्ण पिल्लू, न तोडता. बघा तुम्ही, कसा धरतो ते, बघण्यासारखं असतं, धागे असे सगळीकडनं येतात आणि—घाई आहे का तुम्हाला? दोन मिनिटं. रविवारपर्यंत राहील हा. राहील ना? पोटात गेलं तरी एक-दोन दिवस घेतोच. मुलीला काटे दिसायला हवेत, काट्यांशिवाय काय, नुसता खडूचा कण. हे बघा, आलं नळीत पिल्लू, किती वळवळतंय. जरा तो दिवा इकडे करा. अजून. असा.

थांबा.

दिवा हलवू नका.

मघाशी बघितले होते ना तुम्ही? काटे. सोनेरी ठिपके बघितले होते ना? तुम्ही म्हणालात की हो, दिसले—मग मी का नाही—रंग फिका होता का तेव्हा? नीट आठवून सांगा. नाही, तुम्हाला काय कळणार, तुम्ही पहिल्यांदाच बघत होतात. मी बघायला हवं होतं. मी बोलत बसले. टेकलाय हा, दादा. काचेला टेकलाय. इकडे एक काटा, तिकडे दोन, तळाशी पडलेत, नुसते पडलेत. नाही, तुमच्या खटक्यानं नाही, इतक्या लवकर काही होत नाही, पाणी अजून तेवढंच गार आहे. त्यानं आधीच सुरू केलंय. एवढ्या गारठ्यात, रिकाम्या पोटानं, तरीसुद्धा.

मी भावजयीला काय सांगू?

हे पिल्लू परत भांड्यात सोडून द्या. नळी दाबली की सुटतं. नको, माझ्याजवळ द्या—नाही, तुम्हीच सोडा, मला याच्यावरनं नजर काढायची नाही. सह्या-बिह्या बाहेर ऑफिसात घ्या, मला काही विचारू नका आता. जे बघितलंत ते लिहा. पिशवी उचला तुमची. आणि जाताना बोलू नका, दादा, पाय वाजवू नका, तो आता सगळं बाहेर सोडेल, मला त्याच्याजवळ बसायचंय. या वेळी मी पाठ करून बसणार नाही. जा तुम्ही.